वाचकांचे प्रश्न : पोर्तोची फ्रान्सेझीन्या आणि तिचा रस्सा

गेल्या महिन्यात पाव आणि पातळ रस्सा यांच्या जोडीबद्दल लिहिताना उत्तर पोर्तुगालमधील पोर्तो शहरातल्या ‘फ्रान्सेझीन्या’ या सँडविचचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. मांसाचे अनेक थर पावात भरायचे, वर चीज वितळवायचे आणि खोलगट ताटलीत ठेवून त्यावर बिअर-टोमॅटोचा कढत रस्सा ओतायचा, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडून या वेळचे संपूर्ण सदर याच पदार्थासाठी ठेवले आहे.

पदार्थ पोर्तुगीज आणि नाव मात्र फ्रान्सचे, असे का? आणि तो खरोखर किती जुना आहे? — एक वाचक, पुणे

‘फ्रान्सेझा’ म्हणजे फ्रेंच स्त्री आणि ‘ईन्या’ हा पोर्तुगीज भाषेतला लाडाचा प्रत्यय. आपल्याकडे ‘सोनू’ची ‘सोनुली’ होते, तशी ही ‘फ्रान्सेझीन्या’, म्हणजे छोटीशी फ्रेंच मुलगी. पदार्थाचे श्रेय दानिएल दा सिल्वा यांना दिले जाते. ते काही काळ फ्रान्स आणि बेल्जियममध्ये राहून आले होते. परतल्यावर पोर्तोतील बोंझार्दीं रस्त्यावरच्या ‘आ रेगालेरा’ या उपाहारगृहात काम करताना, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी हे सँडविच तयार केले. साल सहसा १९५३ असे सांगतात. फ्रान्समध्ये हॅम आणि चीज घालून भाजलेले ‘क्रोक-मस्य’ हे सँडविच घरोघरी आणि कॅफेत खाल्ले जाते. त्याचाच धागा पकडून पोर्तोच्या जिभेला रुचेल असे भरभक्कम आणि तिखट काहीतरी करावे, हा दा सिल्वा यांचा विचार होता. फ्रेंच स्त्रिया त्यांना फार ‘तिखट’ वाटत, म्हणून त्यांनी या तिखट सँडविचला हे नाव दिले, असेही पोर्तोत सांगितले जाते.

दुसरी एक कथा याचे मूळ नेपोलियनच्या स्वाऱ्यांपर्यंत नेते. फ्रेंच सैनिक पावात मांस आणि चीज भरून खात आणि तेच पुढे शहरात रुजले, असे ती सांगते. फ्रेंच सैन्याने मार्च १८०९ मध्ये पोर्तो जिंकले होते, हे खरे आहे. (त्याच वर्षी १२ मे रोजी वाइनची पिंपे वाहणाऱ्या नावांमधून दोरू नदी ओलांडून ज्याने ते सोडवले तो आर्थर वेलस्ली आपल्या परिचयाचा आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांचा पराभव करणारा सेनापती तोच.) तरीही ही कथा मला पटत नाही. पावात मांस भरून खाणे युरोपात कुठेही होत होते आणि तेवढ्याने फ्रान्सेझीन्या होत नाही. तिला तिचे रूप देतो तो रस्सा, आणि या कथेत रश्शाचा पत्ताच नाही.

पदार्थ जेमतेम सत्तर वर्षांचा असेल तर त्याला पारंपरिक म्हणावे का, असा आपल्या प्रश्नाचा रोख दिसतो. माझे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे. एका शहराने एखादा पदार्थ आपला मानला, त्याच्या पाककृतीवरून घराघरांत वाद होऊ लागले आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो खाऊ घातल्याशिवाय परत पाठवणे चुकीचे वाटू लागले, की परंपरा तयार झालेली असते. आपला वडापाव तरी किती जुना आहे?

या सँडविचमध्ये नेमके काय काय असते? आणि पोर्तोतले लोक रश्शाची कृती लपवतात हे खरे का? — एक वाचक, कोल्हापूर

आज पोर्तोतील बहुतेक उपाहारगृहांत मिळणारी फ्रान्सेझीन्या अशी असते: चौकोनी, जाड कापलेल्या पावाच्या दोन चकत्यांमध्ये गोमांसाचा पातळ तळलेला तुकडा, शिजवलेले हॅम (त्यांच्या भाषेत ‘फियांब्र’), ताजे डुकराचे सॉसेज आणि लसूण-पाप्रिका घालून धुरावलेले ‘लिंग्विसा’ हे दुसरे सॉसेज. वरून आणि चारही बाजूंनी चीजच्या चकत्या लावून सँडविच भट्टीत ठेवतात. चीज वितळून पावावर चादरीसारखे बसले की ते खोलगट ताटलीत येते, त्यावर रस्सा ओततात आणि भोवती बटाट्याचे तळलेले काप रचतात. हे हातात धरून खाण्याचे सँडविच नव्हे. सुरी-काट्यानेच खावे लागते. एक खाल्ल्यावर दुसऱ्या जेवणाची आठवण होत नाही.

मूळ ‘आ रेगालेरा’च्या फ्रान्सेझीन्यात मात्र दोन फरक आहेत. तिथे गोल, कडक कवचाचा छोटा पाव वापरतात आणि गोमांसाऐवजी भाजलेले डुकराचे मांस घालतात. पोर्तोच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या पोव्हुआ द व्हार्झीं या गावी लांबट पावातली, हातात धरून खाता येणारी आणखी एक जात आहे. ती १९६० च्या दशकात रुजली आणि त्या गावचे लोक तिला आपली स्वतंत्र फ्रान्सेझीन्या मानतात.

रश्शाबद्दलचे आपले म्हणणे अगदी खरे आहे. टोमॅटो, बिअर, तमालपत्र, लसूण आणि पिरी-पिरी मिरची हा पाया सर्वांचा एकच असतो. त्यापुढे कोणी ब्रँडी घालतो, कोणी पोर्ट वाइन, कोणी मांसाचा अर्क, कोणी कोळंबीच्या सालांचा अर्क, कोणी चमचाभर मोहरीची पेस्ट. आणि आपण नक्की काय घालतो हे कोणीही सांगत नाही. कोल्हापूरच्या वाचकाला यात नवल वाटू नये, कारण मिसळीच्या कटाचे आपल्याकडे हेच चालते. मटकी सगळीकडे सारखीच असते. माणसे अमुक एका दुकानासमोर रांग लावतात ती कटासाठी. पोर्तोतही कोणाची फ्रान्सेझीन्या सर्वांत चांगली यावर वाद रंगतो तेव्हा मांसाचा विषय क्वचितच निघतो, सगळे बोलणे रश्शाचे असते. सांता काटारीना रस्त्यावरचे ‘बुफेत फाझ’ आणि पासुश मानुएल रस्त्यावरचा ‘कॅफे सांतियागू’ ही नावे या वादात हमखास येतात. दोन्हींचे रस्से एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकीकडे आवडले म्हणून दुसरीकडेही आवडेल याची खात्री देता येत नाही.

हे घरी करता येईल का? मांसाहारी घर आहे, पण गोमांस मिळत नाही. — एक वाचिका, ठाणे

नक्की करता येईल. महाराष्ट्रात गोमांसाला कायद्याने बंदी आहे, पण त्यामुळे आपले काही अडणार नाही, कारण मूळ पदार्थातच भाजलेले डुकराचे मांस आहे. ते चालत नसेल तर कोंबडीच्या छातीचा तुकडा दोन्ही बाजूंनी ठोकून पातळ करावा आणि मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण लावून तव्यावर परतावा.

सुरुवात रश्शापासून करावी आणि तो शक्य तर आदल्या दिवशीच करून ठेवावा, मुरल्यावर तो अधिक चांगला लागतो. चार सँडविचसाठी दोन मोठे कांदे आणि पाच लसूण पाकळ्या बारीक चिरून तीन मोठे चमचे तेलात मंद आचेवर परताव्यात. कांदा मऊ आणि सोनेरी व्हायला हवा. आपण रश्शासाठी खरपूस तपकिरी करतो तसा करू नये, कारण पुढे बिअरचा कडवटपणा त्यात मिसळणार असतो आणि दोन्ही कडू चवी एकत्र आल्या की रस्सा बिघडतो. नंतर दोन तमालपत्रे, तीन-चार सुक्या लाल मिरच्या आणि चमचाभर पाप्रिका घालावी. पाप्रिका नसेल तर काश्मिरी मिरचीची पूड रंगासाठी अगदी योग्य आहे. आता ५०० मिलिलिटर साधी, फिकट रंगाची लागर बिअर ओतून दहा मिनिटे उकळू द्यावी. गडद किंवा फार कडवट बिअर घेऊ नये, कारण आटल्यावर तिचा कडवटपणा दुप्पट जाणवतो. मग अर्धा किलो पिकलेल्या टोमॅटोंचा गर, अर्धा लिटर मांसाचा किंवा कोंबडीचा अर्क आणि तीन मोठे चमचे ब्रँडी घालून झाकण न ठेवता किमान चाळीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. तमालपत्रे काढून सर्व मिश्रण वाटावे आणि गाळून घ्यावे. गाळण्याचा कंटाळा करू नये, हा रस्सा गुळगुळीतच हवा. शेवटी दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या थंड पाण्यात कालवून घालावे आणि पाच मिनिटे उकळावे. पळीच्या पाठीवर पातळ थर राहील इतपतच दाटपणा हवा. पिठल्यासारखा घट्ट झाला तर तो पावात शिरत नाही, वरच बसून राहतो. मीठ अगदी शेवटी चाखून घालावे, कारण हॅम, सॉसेज आणि चीज तिन्ही खारट असतात.

लिंग्विसाच्या जागी गोव्याचे चोरिस घेता येईल, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चोरिस कच्चे मुरवलेले असते, म्हणून थोड्या पाण्यात शिजवून, पाणी आटल्यावर त्याच्याच चरबीत परतून घ्यावे लागते. शिवाय त्यात व्हिनेगर आणि मिरची भरपूर असते, त्यामुळे रश्शातली मिरची निम्मी करावी. ताजी सॉसेजेस उभी चिरून तव्यावर आतपर्यंत पूर्ण शिजवावीत. चीजसाठी पोर्तुगालमध्ये रोजच्या वापरातले ‘फ्लामेंगू’ घेतात, जे डच एडामच्या जातीचे आहे. आपल्याकडे एडाम किंवा गौडा मिळाले तर उत्तम. नुसते मोझरेला घेतले तर ते ताणले छान जाते, पण चवीला फिके पडते.

पाव न कापलेला आणून घरी दीड-दोन सेंटिमीटर जाड कापावा आणि दोन्ही बाजूंनी हलका भाजावा. पाव, कोंबडी, हॅम, चिरलेले सॉसेज, चोरिस, पुन्हा पाव असे रचून हाताने किंचित दाबावे. वर आणि कडांना चीज लावून २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पाच ते सात मिनिटे ठेवावे. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळवावे. रस्सा ओतताना तो नुसता गरम नव्हे, उकळता हवा. एका सँडविचला किमान दोनशे मिलिलिटर लागतो आणि उरलेला भांड्यात टेबलावर ठेवावा, कारण बटाट्याचे काप बुडवून खाताना तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. पहिल्या खेपेला मी रस्सा हात राखून वाढला होता आणि दहा मिनिटांत ताटल्या कोरड्या पडल्या. ती चूक आपण करू नये.

रश्शातला अल्कोहोल उकळताना बराचसा उडून जातो, पण संपूर्ण जात नाही. मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी करायचे असेल तर बिअर आणि ब्रँडी दोन्ही वगळून अर्क वाढवावा आणि शेवटी थोडे व्हिनेगर व चिमूटभर साखर घालावी. चव वेगळी येईल, पण जेवण चांगले होईल.

आम्ही शाकाहारी आहोत आणि मे महिन्यात पोर्तोला जात आहोत. आम्हाला हा पदार्थ खाता येईल का? — एक दांपत्य, नागपूर

येईल, पण विचारून घ्यावे लागेल. पोर्तोत शाकाहारी फ्रान्सेझीन्या आता अनेक ठिकाणी मिळते. आत भाजलेल्या भाज्या, मशरूम, सोयाची किंवा गव्हाच्या प्रथिनाची सॉसेजेस असतात. अडचण आतल्या सारणाची नसून रश्शाची आहे. सारण शाकाहारी असले तरी वर ओतलेला रस्सा मांसाच्या अर्कावर केलेला असण्याची शक्यता राहते. म्हणून वाढणाऱ्याला ‘ओ मोल्यु लेव्हा कार्ने?’ असे स्पष्ट विचारावे. ‘रश्शात मांस आहे का?’ असा त्याचा अर्थ आहे. कोळंबीबद्दलही वेगळे विचारावे, कारण आपल्याकडे मासे-कोळंबी मांसाहारात धरतात तसे तिथे ‘कार्ने’ या शब्दात धरले जात नाही. अंडे खात नसाल तर तेही आधी सांगावे, नाहीतर अनेक ठिकाणी वर घालतात ते तळलेले अंडे येईल.

चीजबाबत काटेकोर असाल तर आणखी एक गोष्ट सांगते. युरोपातील बरीच चीजे वासराच्या जठरातील विरजणाने गोठवतात. पोर्तुगालची एक जुनी पद्धत मात्र याला सुंदर अपवाद आहे. सेरा दा एश्त्रेला डोंगराळ भागातील मेंढीच्या दुधाचे प्रसिद्ध चीज एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांच्या अर्काने गोठवतात. फ्रान्सेझीन्यावर ते घालत नाहीत, पण पोर्तोच्या बाजारात ते मिळेल आणि पावाबरोबर अवश्य खावे.

नागपूरला परतल्यावर घरी करायचे असेल तर सारणात भाजलेली मशरूम, वांग्याचे तळलेले काप आणि मीठ-मिरपूड लावून तव्यावर खरपूस केलेले पनीर घ्यावे. बटाट्याची भाजी आत भरू नये. पाव, आत बटाटा आणि भोवती पुन्हा बटाटा, हे सगळे पिठूळ होते. लिंग्विसामुळे येणारा धुराचा वास शाकाहारी रश्शात नसतो, तो आपल्या धुंगाराने आणता येतो. तयार रश्शाच्या पातेल्यात वाटी ठेवून त्यात पेटता कोळसा ठेवावा, त्यावर तुपाचे दोन थेंब टाकावेत आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. अर्कासाठी सुकी मशरूम अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून ते पाणीच वापरावे.

मी गोव्याची आहे. आमचे चोरिस-पाव हे फ्रान्सेझीन्याचेच भावंड म्हणायचे का? — एक वाचिका, म्हापसा

नाते आहे, पण आपण समजता त्यापेक्षा ते फार जुने आहे आणि फ्रान्सेझीन्याच्या घरातून आलेले नाही. पोर्तुगीज सत्ता गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होती आणि फ्रान्सेझीन्या तिच्या अगदी शेवटच्या दशकात, तीही एका शहरापुरती, जन्मली. तिची आणि गोव्याची भेटच झाली नाही. तिच्यातील घटकांची मात्र शतकांपूर्वीच झाली होती. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज ‘पाँव’वरून मराठीत आणि कोकणीत आला, बटाटा त्यांच्या ‘बाताता’वरून आला, आणि आपल्या गावात सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर म्हणजे त्यांचा ‘पादेइरू’. मिरची तर दोन्ही ताटांत पाहुणी आहे. अमेरिकेतून निघालेले हे झाड पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिकेच्या आणि भारताच्या किनाऱ्यांवर पोचवले. आपल्याकडे ती वाटणात आणि चोरिसमध्ये मुरली, तर पोर्तोच्या रश्शात ती ‘पिरी-पिरी’ हे आफ्रिकी नाव घेऊन उतरली.

चोरिसचे खरे भावंड हवे असेल तर पोर्तुगालचे दुसरे एक सँडविच पाहावे: ‘बिफाना’. डुकराच्या मांसाचे पातळ काप लसूण, पांढरी वाइन, तमालपत्र आणि पाप्रिका यांत मुरवून त्याच रसात शिजवतात आणि कडक कवचाच्या पावात घालून हातात देतात. आलेन्तेझू प्रांतातील व्हेंदाश नोव्हाश हे गाव त्यासाठी देशभर ओळखले जाते. वाइन आणि लसूण यांत मांस मुरवण्याच्या या रीतीला पोर्तुगीजमध्ये ‘व्हिन्या द आल्यूश’ म्हणतात आणि गोव्यात वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतल्यावर तिचेच ‘विंदालू’ झाले. त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काहीही संबंध नाही, तो लसूण आहे, म्हणून विंदालूत बटाटे घालणाऱ्या उपाहारगृहांबद्दल आपल्याला वाटणारा संताप मला पूर्ण समजतो. एका बाजूला बिफाना आणि दुसऱ्या बाजूला विंदालू व चोरिस, अशा या एकाच मुरवणाच्या दोन किनाऱ्यांवर वाढलेल्या शाखा आहेत.

खाण्याच्या रीतीने मात्र फ्रान्सेझीन्याची आठवण करून देणारा गोव्याचा पदार्थ चोरिस-पाव नसून रॉस ऑम्लेट आहे, असे माझे मत आहे. संध्याकाळी गाड्यावर मिळणारे ते ऑम्लेट, त्यावर पळीभर शाकुतीचा रस आणि सोबत पाव. तिथेही माणूस अंड्यासाठी नव्हे, रसासाठी जातो. हे साम्य योगायोगाचे आहे, त्यात वारसा शोधू नये.

वर तळलेले अंडे असावे की नसावे? येथील मित्रांत यावरून रोज वाद होतो. — एक मराठी विद्यार्थी, आव्हैरू, पोर्तुगाल

मूळ कृतीत अंडे नव्हते, ते नंतर आले. तरीही मी अंड्याच्या बाजूने आहे, एका अटीवर: बलक पातळ राहिला पाहिजे. तो फुटून रश्शात मिसळला की मिरचीची धार थोडी बोथट होते आणि रश्शाला मऊपणा येतो. बलक घट्ट झाला असेल तर अंड्याचे तिथे काही काम नाही, तेव्हा अंडे नको म्हणणाऱ्या मित्रांचे म्हणणे बरोबर धरावे.

मी एकदा केले तेव्हा पाव पूर्ण भिजून लगदा झाला. काय चुकले असेल? — एक वाचिका, सांगली

बहुधा दोन गोष्टी चुकल्या असतील. पाव बाजारात कापून मिळणारा, मऊ आणि पातळ घेतला गेला असावा. आणि रस्सा ओतून ताटल्या थोडा वेळ तशाच राहिल्या असाव्यात. पाव एक दिवस शिळा घेतला तर उत्तम. तो नीट भाजला आणि चीज वरून कडांपर्यंत खाली उतरवले, तर ते रश्शाला काही काळ अडवून धरते. चारही बाजूंना चीज लावण्याचे कारण चवीइतकेच हेही आहे. खालची चकती भिजणारच आणि ती भिजायलाच हवी, वरची मात्र सुरी घालताना थोडी कुरकुरीत लागली पाहिजे. म्हणून माणसे आधी टेबलाशी बसवावीत, ताटल्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि मगच स्वयंपाकघरातून उकळत्या रश्शाचे पातेले आणावे.